एकटा इलेक्ट्रॉन

आवळ्याचं झाड जगात नवं होतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या एका पेशीत सगळ्यांचे इलेक्ट्रॉन जोडीने राहत. फक्त प्राणवायूच्या एका कणाकडे एकच इलेक्ट्रॉन सुटा होता.

"अजून एकटाच का रे?" पेशीच्या पडद्यातला तेलकट कण रोज विचारायचा.

प्राणवायूला जोडीवाल्यांचा हेवा वाटायचा. शेवटी त्याने तेलकट कणाचाच एक इलेक्ट्रॉन हिसकावला. मग तेलकट कण जळू लागला. त्याने शेजाऱ्याचा ओढला, शेजाऱ्याने पुढच्याचा. पडदा फाटत चालला, पेशी मरायला टेकली.

"माझा घे," आवळ्यातलं आंबट जीवनसत्त्व शेवटच्या कणाला म्हणालं.

"मग तू कुणाचा ओढणार?"

"कुणाचाच नाही. मला एकट्याने राहता येतं."

कणाने तो घेतला, आणि पडदा फाटायचा थांबला. प्राणवायूकडे आता जोडी होती, तरी त्याला त्या एकट्या जीवनसत्त्वाचा हेवा वाटला.