दिवाणसाहेबांच्या गादीवर कोळसा

निंबसरी संस्थानात युवराजांचं बारसं होतं. रिवाजाप्रमाणे सुईण गोजाबाईला भरदरबारात लुगडं मिळणार, तोच विलायतेहून रसायनशास्त्र शिकून आलेले दिवाण दिगंबरराव उठले.

“महाराज, एवढा मान कशाला? शरीर पेशींचं आणि पेशी परमाणूंच्या. म्हणजे पाणी, कोळसा, चुना अन् चिमूटभर मीठ. हा माल बाजारात हवा तेवढा मिळतो.”

पन्नास वर्षं बाळंतपणं केलेल्या गोजाबाईच्या ते जिव्हारी लागलं. पण हात जोडून ती एवढंच म्हणाली, “उद्या बोलेन, महाराज.”

दुसऱ्या दिवशी दिवाण दरबारात आले, तर त्यांच्या गादीवर पाण्याची घागर, कोळशाची पाटी, चुन्याचा डबा आणि मिठाची पुडी मांडलेली. घागरीवर ऐटबाज पागोटं. शेजारी गोजाबाई उभी.

“महाराज, दिवाणसाहेब कधीचे येऊन बसलेत. आता कारभाराचं विचारा त्यांना.”

दिगंबरराव भडकले. “अगं, नुसता माल एकत्र ठेवून भागतं का? परमाणू नेमके जुळावे लागतात, तेव्हा कुठे एक पेशी जिवंत होते. अशा कोट्यवधी पेशी एकमेकींना धरून राहिल्या, तर माणूस!”

“तेच म्हणते मी, साहेब,” गोजाबाई शांतपणे म्हणाली. “माल बाजारातलाच. जुळणी नऊ महिने राणीसाहेबांनी केली, अन् ती मोडू न देता या हातांनी मी जगात आणली. लुगडं मालाचं नाही, जुळणीचं आहे.”

महाराज खळखळून हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तिला लुगडं दिलं. ते छातीशी धरून गोजाबाई निघाली, तेव्हा दिवाणसाहेब गादीवरचा कोळसा झटकत होते.