फुटक्या बांगड्यांचं तोरण

"पण चाची, सांधा अजिबात दिसूच नये, असं करता येतं का?"

जयमालानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

हलीमाचाची दिव्याची वात पुढं सारत होती. 

मण्यार गल्लीच्या टोकाला चाचीचं घर. बाहेरच्या खोलीत पूर्वी बांगड्यांचं दुकान होतं. आता दुकान सून बघते, बाजारपेठेत. चाचीकडं राहिला तो फुटक्या बांगड्यांचा डबा. त्यातला एकेक तुकडा ती ज्योतीवर वाकवते, त्याची कडी करते, कडीत कडी अडकवते. अशा माळा झाल्या की त्यांचं दाराला तोरण होतं. वारा आला की किणकिणतं. गावात कितीतरी दारांवर चाचीची तोरणं आहेत.

त्या दिवशी शनिवार होता. सकाळची शाळा सुटली आणि जयमाला पोरीला घेऊन तिथूनच सरळ चाचीकडं आली. पोरीचं नाव ईश्वरी. दुसरीत होती. आईच्या आडोशाला बसली होती, दोन्ही हात पाठीमागं घेऊन.

"मला एकदा दाखवलं की येतं, चाची," जयमाला म्हणाली. "घरातलं सगळं माझ्या हातचं आहे. लग्नपत्रिकांचं झुंबर मी केलं. बाटलीला लोकर गुंडाळून फुलदाणी केली. संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत होत्या, कुठून विकत आणलं म्हणून."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

जयमालानं मागं वळून पोरीकडं बघितलं.

मग हळूच म्हणाली, "हिच्यासाठी."

"हिला काय झालं?"

"शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या, माती दिली तर ही हात लावत नाही. रंग दिले तर डबी उघडत नाही. दुसरं कुणी करून देईपर्यंत हात मागं घेऊन नुसती उभी राहते. म्हणाल्या, शनिवार-रविवार हिला घेऊन बसा, दोघी मिळून हातानं काहीतरी करा, घर सजवा. आत्ताच सवय लागली तर लागेल, नाहीतर..."

तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"नाहीतर अशीच राहील का हो चाची? माझ्या जिवाला घोर लागलाय नुसता."

चाचीनं मान तिरकी करून आईच्या मागं बघितलं.

"काय गं, हात कुठायत तुझे?"

"मागं."

"काय करतात तिथं?"

"काही नाही."

"बरं. बसू देत."

चाचीनं डब्यातून एक हिरवा तुकडा काढला. दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत धरली आणि मधला भाग ज्योतीवर आणला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग काच मधोमध नरम पडली. दोन्ही टोकं एकमेकांजवळ आली, जुळली. कडी तयार. शेजारी परातीत कोमट राख होती. चाचीनं कडी त्या राखेत ठेवून दिली.

"कर," ती म्हणाली.

जयमालानं केली. तिचा हात खरोखरच कसबी होता. पहिलीच कडी, पण कशी गोल! सांधा शोधायला लागावा अशी. तिनं ती डोळ्यांजवळ धरली, मान डोलावली आणि हलकेच फुंकर घातली.

टिक्.

कडीचे दोन तुकडे झाले.

"फुंकू नकोस," चाची म्हणाली. "गरम काचेला वारा सोसत नाही. राखेत ठेव. तिची ती निवते."

"हो, हो. कळलं."

दुसरी कडी पहिलीपेक्षा सरस झाली. जयमालानं ती वर धरली. तिचे गाल फुगले.

टिक्.

"अगं बाई! परत..."

तिसरी.

टिक्.

"लक्षातच राहत नाही हो! ही जन्मली तेव्हापासूनची सवय आहे. हिचं दूध फुंका, भात फुंका, गुडघा फुटला की गुडघा फुंका. परवा तर हिच्या बाबांच्या चहावर फुंकर घातली."

"प्याले का?"

"प्याले. पण बघत राहिले माझ्याकडं."

चाची हसली. "आमचे मालक डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव बाजार करायचे. एवढ्या बांगड्या फोडायला त्यांना महिना लागायचा."

ईश्वरी खुदकन हसली. "आईनं फोडली!"

"फोडली नाही म्हणायचं, वाढवली म्हणायचं," जयमाला मागं वळून म्हणाली. "बाईच्या जातीनं बांगडी फुटली असं बोलू नये."

"राहू दे गं," चाची म्हणाली. "पोरगी डोळ्यांनी दिसलं ते बोलतीय. फोडलीच तू."

पोरगी जराशी पुढं सरकली. डब्यात निळे, लाल, पिवळे, सोनेरी ठिपक्यांचे तुकडे होते. तिनं वाकून बघितलं. पाठीमागचा एक हात हळूच बाहेर आला आणि एका निळ्या तुकड्याकडं निघाला...

"अगं अगं अगं! काच आहे ती! चिरेल बोट!"

हात मागं गेला.

"बघितलंत?" जयमाला चाचीला म्हणाली. "हे असं. कशालाच हात लावत नाही."

चाची तिच्याकडं बघत राहिली.



"काय झालं, चाची?"

चाची गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली. माठातलं पाणी पेल्यात घेऊन आली आणि पेला जयमालाच्या हातात दिला.

"मोठा घोट घे. गिळू नकोस. तोंडात धरून ठेव."

"कशाला?"

"तोरण शिकायला आलीस ना?"

"हो. पण पाण्याचा काय संबंध?"

चाचीनं पेल्याकडं बोट दाखवलं. जयमालानं नाइलाजानं घोट घेतला.

"मी सांगेपर्यंत धरायचा."

जयमालानं फुगल्या गालांनी मान हलवली.

चाची खाली बसली. पोरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. डबा तेवढा वीतभर पुढं सरकवला आणि स्वतःची पुढची कडी करायला घेतली.

 बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

पोरीचा हात बाहेर आला.

तिनं निळा तुकडा उचलला आणि आईकडं बघितलं.

जयमालाचे डोळे मोठे झाले. घशातून "ऊंऽऽ" असा आवाज आला. पाण्याचा एक थेंब तिच्या हनुवटीवर ओघळला.

पोरगी थांबली. आई काय बोलते याची वाट बघत राहिली...

आई काही बोलली नाही.

"चाची, कसं धरू?"

"मी कसं धरलंय?"

"असं."

"मग तसं."

तुकडा ज्योतीवर गेला. घसरला. दिव्यात पडला, तेल उडालं. जयमाला अर्धवट उठली. तिनं दाराकडं बोट दाखवलं. मला बघवत नाही, मी बाहेर जाऊन बसते, असं ती हातानं सांगत होती.

चाचीनं नकारार्थी मान हलवली आणि जमिनीवर थाप मारली. बस.

जयमाला बसली. पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं.

पोरीनं दुसरा तुकडा घेतला. ज्योतीवर धरला. धरला, धरला, आणि...

"हाय!"

जयमालाचे दोन्ही हात पुढं झाले. चाचीनं आपला सुरकुतलेला तळवा तिच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

पोरीनं बोट झटकलं. कानाच्या पाळीला लावलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिथंच थांबलं. ती ज्योतीकडं बघत होती.

"मी ज्योतीच्या फार जवळ धरलं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कोण जाणे.

मग तिनं तिसरा तुकडा घेतला. लांब होता. टोकांना धरला.

काच नरम पडली. वाकली. टोकं जवळ यायला मागत नव्हती, तिनं जीभ बाहेर काढून ती जवळ आणली.

कडी झाली.

गोल नव्हती. एका अंगाला फुगली होती, दुसऱ्या अंगाला चेपली होती. वरून काजळी धरली होती. सांधा तर असा, की गल्लीतून जाणाऱ्याला दिसावा.

पोरीनं ती राखेत ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवून समोर उकिडवी बसली.

"किती वेळ लागतो निवायला?"

"मला काय विचारतीस? बस की बघत."

ती बसली. निवेपर्यंत बसली.

मग दुसरी केली. टोकं जुळायच्या आधी ती चाचीच्या हिरव्या कडीत अडकवली. मग पिवळी. मग पुन्हा निळी. आता ती आईकडं वळून बघत नव्हती. गालावर काजळीचं बोट उमटलं होतं, त्याचाही तिला पत्ता नव्हता.

उंबऱ्यावरचं ऊन सरकून पायरीवर गेलं.

"गिळ आता," चाची म्हणाली.

जयमालानं पाणी गिळलं.  तिनं पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग परत तोंड पुसलं.

राखेतली ती पहिली निळी कडी तिनं उचलली. तळहातावर घेऊन इकडून तिकडून बघितली.

"चाची, ही परत थोडी गरम करून... गोल..."

चाची तिच्याकडं बघत राहिली.

जयमालानं कडी परत राखेत ठेवली. जशी होती तशी.

"माझी एकही झाली नाही," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. "मला एकदा दाखवलं की येतं म्हणत होते. तीन केल्या, तिन्ही गेल्या. हिच्या आठ झाल्या."

"नऊ," ईश्वरी म्हणाली.

"नऊ."

 काचेवर काच वाजल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"उद्या रविवार आहे, चाची. हिला सकाळी तुमच्याकडं सोडते. न्यायला संध्याकाळी येते. मी जवळ असले की हिला..." जयमालानं पदर खांद्यावर सारखा केला. "मी नसलेलीच बरी. मी घरीच थांबते."

पोरीनं मान वर केली नाही. तिच्या चिमटीत लाल तुकडा होता, तो नरम पडायच्या बेतात होता.

"आई, उद्या तू कुठल्या रंगाच्या करणार? निळ्या माझ्या आहेत."

जयमालानं चाचीकडं बघितलं.

चाचीनं परातीतली राख हातानं सारखी केली. वात थोडी मागं ओढली. घाई कसलीच नव्हती...

"दोघी या," ती म्हणाली. "फक्त येताना दिवे दोन आणा. जिचा तिचा वेगळा."