उघड्या डोक्याचं तळं

कारवीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर पोचलो तेव्हा आमच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. तळ्याच्या काठावर धनगरवाडीतली चार-पाच माणसं पाणी भरायला आली होती. आम्हांला पाहताच त्यांनी घागरी खाली ठेवल्या, मुंडाशी काढली आणि ती उघड्या डोक्यांनी बाजूला झाली. आमच्यातली एक म्हणाली, तुमचं भरून होऊ दे, आम्ही थांबतो. त्यांच्यातले सर्वांत म्हातारे ढाकलू झोरे यांनी मान हलवली.

"तुमी प्या आधी. ह्यो पावनचार न्हाई. दंड हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी या सड्यावर झोऱ्यांची नऊ घरं होती, घरटी चार-पाच म्हशी. तळं मिरगापर्यंत पुरायचं. एका वर्षी देशावर दुष्काळ पडला आणि सात कुटुंबं इथे चढून आली. वाडीने त्यांना जागा दिली; पण फुकट दिली नाही, हे ढाकलूबाबा लगेच सांगतात. ते लोक झोऱ्यांच्या म्हशींसाठी गवत कापायचे, गोठे झाडायचे. हाताखाली माणसं आली तशा म्हशी वाढल्या. तूप घाटाखालच्या बाजारात जाऊ लागलं. दारात शिंगं किती, यावर सोयरिकी ठरू लागल्या. वाडीचा कारभारी बिरू झोरे याच्या एकट्याच्या तीस म्हशी होत्या म्हणे. काही वर्षांत सड्यावरचं गवत माघातच संपू लागलं, झाडांचा पाला ओरबाडून झाला, आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर तळ्यात येऊन बसली.

मग एका चैत्रात तळ्याचा तळ दिसला.

वाडी बिरूच्या अंगणात जमली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की तोंडं फार वाढली. माणसं मोजली. आपली बावन्न, आलेली एकतीस. त्यात सगुणा नावाच्या बाईचं दोन महिन्यांचं मूल. बिरूने तिलाच सुनावलं, की तुम्हांला पोरं होतच राहणार, पाण्याने पुरायचं तरी कुठवर? तेव्हा ती बोलली.

"आमची सात घरं मिळून जेवढं वापरतात, तेवढं तुमच्या पाच म्हशी पितात. दादा, मोजायचंच तर सगळं मोजा."

एकशे चाळीस म्हशी काही डोळ्यांआड नव्हत्या. पाच म्हशी खाली धाडल्या असत्या तर त्या माणसांचं भागलं असतं. त्या कोणाच्या गोठ्यातून काढायच्या, एवढंच ठरेना. त्यापेक्षा माणसं काढणं सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती सात घरं घाट उतरली. बिरूने घरटी एकच घागर भरू दिली, आणि कोणी दुसरी भरू नये म्हणून स्वतः काठावर उभा राहिला.

तळं तरीही नवव्या दिवशी आटलं. म्हशी दावणीला मरू लागल्या तेव्हा बिरू पाणी शोधत खाली निघाला. अर्ध्या घाटात वाटेच्या कडेला त्याला दगडांची एक रास दिसली. जेमतेम हातभर लांबीची, तान्हं मूल पुरावं तेवढी. तो तिथूनच मागे फिरला, असं सांगतात. वाडीला बोलावून कोरड्या तळ्यात उतरला आणि मुंडासं काढून म्हणाला,

"माज्या म्हशी त्याचं पाणी प्याल्या."

यानंतर तळं चमत्काराने भरलं, असं कोणी सांगत नाही. पाऊस त्याच्या वेळेलाच आला. घरटी सहाच म्हशी, ही शपथ तेव्हाची. दर दसऱ्याला वाडी एकमेकांचे गोठे मोजते, आणि पहिला गोठा बिरूच्या वंशातला, म्हणजे ढाकलूबाबांचा. त्या सात घरांना शोधायला तीन वर्षं माणसं पाठवली म्हणे. ती सापडली नाहीत. म्हणून या तळ्यावर येणारा कुठलाही परका त्यांच्यातला असू शकतो, आणि तो प्याल्याशिवाय वाडी पाण्याला हात लावत नाही.

आम्ही ओंजळीने प्यालो. सडा चढताना आम्हीही हेच बोलत आलो होतो, की खालच्या वस्त्यांत माणसं फार झालीत.

आजही या काठावर आलेल्याला गाव विचारत नाहीत. असं का, ते आम्ही विचारलं. ढाकलूबाबांनी रिकामी घागर या हातातून त्या हातात घेतली.

"इच्यारलं," ते म्हणाले, "आन तुमी त्यांच्यातलंच निगाला, तर म्या काय सांगू?"