मेट्रोच्या दारातल्या चपला

"लोकांना कदर का नसते, आक्का?"

विचारणारा सदानंद कडू. शहरातल्या नव्या मेट्रोचा मोठा साहेब. हुशार माणूस, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक. लहानपणी रेऊआक्कांच्या मठात शिकलेला, म्हणून अडलं की अजून तिथेच यायचा.

"काय झालं?"

"रक्त आटवून गाडी उभी केली. लोक म्हणतात, पांढरा हत्ती. म्हणतात, आपली रिक्षाच बरी. डबे रिकामे धावतात... उद्या राजीनामा देतोय. तुमचा आशीर्वाद तेवढा हवा."

आक्का उठल्या. "आधी तुझी गाडी तर दाखव."

दुपारची वेळ. स्टेशन लख्ख, माणसं तुरळक. गाडी आली, दार उघडलं.

दोघांच्या पुढे एक म्हातारी होती. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी. तिने आत डोकावून पाहिलं. मग चपला काढल्या, दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या, वाकून दाराला हात लावला, तो कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेली.

चारचौघांत सदानंदला कानकोंडं झालं.

"अहो आजी, हे काय देऊळ आहे? घाला त्या चपला! दार बंद होतंय!"

"धुळीच्या हायेत बापा... एवढी साफ गाडी, खराब होईन..."

"घाला म्हटलं ना!"

म्हातारी ओशाळली. घाईघाईने चपला आत ओढून तिने पायात घातल्या आणि दांडा धरून कोपऱ्यात उभी राहिली. सगळी बाकं रिकामी होती, तरी बसली नाही. बघवत नव्हतं तिच्याकडे.

गाडी सुटली.

"पाहिलंत?" सदानंद हळूच म्हणाला. "या असल्या लोकांसाठी मी जिवाचं रान केलं."

आक्कांनी वाकून स्वतःच्या वहाणा काढल्या, बाकाखाली सरकवल्या. मग म्हातारीचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं. तिच्या मेथीचं कौतुक केलं. म्हातारी हसली.

सदानंद समोर उभाच.

"आक्का... राजीनाम्याचं काय करू?"

"दे, नाहीतर ठेव. तुझी मर्जी."

"आणि माझा प्रश्न? लोकांना कदर..."

आक्कांनी म्हातारीच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"आत्ता दाराबाहेर काढून ठेवली होती, बाळा. तूच परत पायात घालायला लावलीस."