सोन्याचा गालोबा

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि जादूगारिणी विहिरींच्या तळाशी राहत, दुर्धर नावाचा राजा होता. सरहद्दीवर युद्ध पेटले तेव्हा त्याची मुलगी मंजिष्ठा पाळण्यात होती आणि तिची आई नुकतीच वारली होती. युद्ध संपवून राजा परतला, तोवर मुलीचे दुधाचे दात पडू लागले होते. ती वेशीपाशी आली, तिने वाकून नमस्कार केला आणि ती पुन्हा सगुणा दाईच्या पदराआड गेली.

राजाने तिला मोत्यांचा सर दिला. ती म्हणाली, आभारी आहे महाराज. चांदीची पालखी दिली, मान हलवणारी बाहुली दिली. दर वेळी तेवढेच शब्द, तेवढ्याच दबक्या आवाजात. राजाने मनाची समजूत घातली की मुलगीच अबोल आहे, आईवर गेली असेल.

त्याच सुमारास उत्तरेच्या थंड मुलखातला एक व्यापारी लोकर विकायला आला. लोकरीच्या गठ्ठ्यात त्याने एक प्राणी आणला होता. मुठीएवढा, मधाच्या रंगाचा, शेपूट असून नसल्यासारखे, डोळे काळ्या मण्यांसारखे. त्याच्या देशी त्याला हॅमस्टर म्हणत. व्यापाऱ्याने पुढ्यात दाणे टाकले, तसे त्याने ते भराभर तोंडात घातले, पण गिळला एकही नाही. दोन्ही गाल फुगून डोक्याहून मोठे झाले. मंजिष्ठा खळखळून हसली. राजाने ते हसू वरच्या सज्जातून ऐकले. परतल्यापासून पहिल्यांदाच ऐकले.

दाईने प्राणी विकत घेतला. मंजिष्ठाने त्याचे नाव ठेवले गालोबा. सुताराने त्याला लाकडी घर करून दिले आणि आत धावायला एक चाक. दिवसभर तो भुशात शिरून झोपे. दिवेलागणीला उठे, पुढच्या पंजांनी तोंड धुई, चाकात धावे. मग मंजिष्ठा जमिनीवर पालथी पडून त्याच्या कानाशी लागे. अबोल म्हणवली गेलेली मुलगी तास तास बोलत राही.

राजा दाराच्या पडद्याआडून पाहत राही. त्याच्या छातीत काहीतरी खुपे. लढाईत बाण लागला होता, तेव्हा कुठे दुखते ते वैद्याला बोटाने दाखवता आले होते. हे दुखणे दाखवता येत नव्हते. मुठीएवढ्या जिवाचा आपल्याला हेवा वाटतो, हे राजाने सांगावे तरी कोणाला?

दरबारात एक साळुंकी होती. राजवाड्यातली बित्तंबातमी ती राजाला देत असे.

"ती त्याला काय सांगते?" राजाने विचारले.

"इतके हळू सांगते की मलाही ऐकू येत नाही," साळुंकी म्हणाली. "ती सांगते आणि तो गाल फुगवतो."

"माझे नाव घेतले?"

"माझ्या कानी आले नाही, महाराज."

राजा रोज हाच प्रश्न विचारू लागला आणि रोज हेच उत्तर ऐकू लागला. एका संध्याकाळी त्याला राहवले नाही. तो सरळ आत गेला आणि वरून हात घालून त्याने गालोबाला उचलले. गालोबा किंचाळला आणि राजाच्या बोटाला कडकडून चावला. रक्त राजाचे आले, पण मंजिष्ठाने गालोबालाच ओढून छातीशी धरले. त्याला कुठे लागले का, हेच ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

राजा तसाच बाहेर पडला आणि नगराबाहेरच्या पायविहिरीकडे गेला. तिच्या तळाशी तमसा नावाची जादूगारीण राहत असे. पाणी बाजूला सारून ती पायरीवर येऊन बसली.

"त्या प्राण्याला सोन्याचा कर," राजा म्हणाला. "मारायचे मात्र नाही."

"मारायचे का नाही?"

"मुलगी रडेल. सोने झाले तर तिला दागिना मिळेल."

तमसाने त्याच्याकडे पाहिले. "सोने होईल. त्याच्या गालांत जे असेल त्याचेही होईल. गालांत काय आहे ते पाहिलेस?"

"दाणे," राजा म्हणाला. त्याने पाहिले नव्हते.

सकाळी भुशात सोन्याचा गालोबा सापडला, पंजे तोंडाशी घेतलेला, गाल फुगलेले. मंजिष्ठाने हाक मारायला तोंड उघडले, पण आवाज निघाला नाही. दाईने मध चाटवला, वैद्यांनी काढे दिले, मांत्रिकांनी धूर केला. तिच्या ओठांची हालचाल होई आणि नुसता वारा बाहेर पडे. तिने सोन्याचा गालोबा ओढणीत बांधून पोटाशी धरला. जेवताना जवळ, झोपताना जवळ. राजाला वाटले होते, प्राणी गेला की जागा रिकामी होईल. आता त्याला धातूच्या एका गोळ्याचा हेवा वाटू लागला, आणि हा हेवा आधीच्याहून कडू होता.

साळुंकी खिडकीत येऊन बसली. "महाराज, तिने आपले सारे बोलणे त्याच्या कानात ओतले होते. त्याने सवयीने ते गालांत साठवले. तुम्ही दाण्यांचे सोने केले असे समजलात. तुम्ही तिच्या आवाजाचे सोने केलेत."

राजा पुन्हा पायविहिरीत उतरला. केलेले उलटते का, एवढेच त्याने विचारले.

"उलटते," तमसा म्हणाली. "सोने करणे माझे काम होते. सोन्याचा पुन्हा जीव करणे तुझे. आधी शेतातून त्याच्यासाठी दाणे आण, त्याच्यासारखे, गालांत भरून. गिळायचे नाही, बोलायचे नाही. मग तुझे जे वस्त्र तुला सर्वांत प्रिय असेल, ते दातांनी फाडून त्याला घरटे कर. शेवटी त्याला उघड्या तळहातावर घेऊन बस आणि त्याच्या गालांतून जे बाहेर येईल ते शेवटपर्यंत ऐक. मूठ मिटलीस, तर तो कायमचा सोन्याचा."

राजाने मुकुट उतरवला, साधे धोतर नेसला आणि गव्हाच्या शेतात गेला. लोंब्या चोळून दाणे गालांत भरत असता शेताच्या मालकिणीने त्याला गाठले. तिने त्याला ओळखले नाही. चोर आहेस, धडधाकट असून कष्ट करत नाहीस, घरी मुलेबाळे असतील तर त्यांना कोणते तोंड दाखवशील, असे ती बरेच बोलली. ज्याच्या एका शब्दावर सैन्य चालत असे, तो गाल फुगवून उभा राहिला. रस्त्यात मुले त्याच्याकडे बोट दाखवून हसली. लाळेत भिजून दाणे फुगले, जबडा ठणकू लागला. राजवाड्यात येऊन त्याने ते लाकडी घरात ओतले, तेव्हा एकही दाणा कमी नव्हता.

मग त्याने पेटीतून राणीचा शेला काढला. सगळ्या युद्धात तो त्याने चिलखताखाली छातीशी बाळगला होता. पहिला दात लावताना त्याचे डोळे भरून आले. मंजिष्ठा दारात उभी राहून पाहत होती. हा कोणाचा शेला, हे तिला ठाऊक नव्हते. फाडणारा माणूस रडतो आहे, एवढे तिने पाहिले. ती पुढे आली, खाली बसली आणि चिंध्या गोल रचू लागली.

दिवे लागले. राजाने हात पुढे केला. मुलीने बराच वेळ विचार केला, मग ओढणी सोडून गालोबा त्याच्या तळहातावर ठेवला. सोने थंडगार होते. हळूहळू ते कोमट झाले, आणि फुगलेल्या गालांतून मंजिष्ठाचा आवाज येऊ लागला.

दाई घोरते, पण तिला सांगू नकोस. पालखीत बसले की पोटात ढवळते. माझा हा दात हलतो आहे, कळले तर दोरा बांधून ओढतील. बाहुली मान हलवते, तिला काही विचारले तरी होच म्हणते.

राजाला हसू आले. मग आवाज बारीक झाला.

महाराज येतात तेव्हा त्यांचे जोडे फार वाजतात. तू भुशात शिरतोस. मलाही शिरावेसे वाटते. ते माझ्याकडे असे बघतात, की माझे काहीतरी चुकले आहे. मला सगळ्या जगात तूच आवडतोस. दुसरे कोणी नाही.

राजाची बोटे वळली. त्याने ती पाहिली, जणू ती कोणा शत्रूची असावीत. सोन्याचा बारीक कान करंगळीखाली दबला. समोर मंजिष्ठा खाली मान घालून बसली होती. आपलेच बोलणे ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला होता. राजाने करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचे बोट, मग उरलेली. हात आता उघडा होता. शेवटचा शब्द येईपर्यंत उघडाच राहिला.

तळहातावर काहीतरी हलले. गालोबाने नाक फेंदारले, पंजांनी तोंड धुतले आणि राजाच्या मनगटावरून उतरून शेल्याच्या घरट्यात शिरला.

"जिवंत आहे," मंजिष्ठा म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली.

राजाने रिकामा हात मांडीवर ठेवला. मग त्याने विचारले, "मी इथे बसलो तर चालेल?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. "चालेल," ती म्हणाली. "जोडे बाहेर काढून ठेवा. आणि त्याला वरून उचलू नका. त्याला वाटते घार आली."

तमसा त्याच रात्री विहीर सोडून दूर गेली आणि तिच्या धाकाने आजवर कोणी न भरलेले तिथले पाणी नगराला प्यायला मिळू लागले. राजाने साळुंकीला बातम्या आणण्याच्या कामातून मोकळे केले. रोज दिवेलागणीला तो अनवाणी येई आणि जमिनीवर बसे. काही दिवशी मंजिष्ठा गालोबातच गुंतलेली असे, त्याच्याकडे वळूनही पाहत नसे. तेव्हा छातीतले ते जुने खुपणे पुन्हा जागे होई. तरी तो उठत नसे. आणि कधी कधी ती न बोलता थोडी सरकून त्याला जागा करून देई.

त्या राजवाड्यात ज्याला जे मिळाले, ते ऐकणाऱ्यालाही त्याच्या घरी मिळो.