झिपरीची हाक

फार पूर्वी डोंगरातल्या एका गुहेत वटवाघळांची शाळा भरायची. हाक मारायची आणि ती कुठून परत येते ते ऐकून अंधारात वाट काढायची, हा तिथला पहिला धडा.

छोट्या झिपरीने पहिली हाक मारली आणि तिचा आवाज चिरकला. सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून झिपरीने तोंड मिटलं ते मिटलंच. हाक नाही म्हणून वाट नाही. ती भिंतींवर आपटायची, मग उपाशीच कोपऱ्यात लटकून राहायची.

एका संध्याकाळी सगळे बाहेर पडले, तरी शिकवणाऱ्या आत्याबाई मागे राहिल्या आणि तिच्या शेजारी येऊन लटकल्या.

"सगळे हसतात मला," झिपरी पुटपुटली.

"हसले खरे. फार लागलं असेल गं तुला." आत्याबाई आणखी जवळ सरकल्या. "आता मी एकटीच आहे. येईल तसा आवाज काढ. मी कुठे जात नाही."

झिपरीने हाक मारली. आवाज चिरकलाच, पण तो परत आला, तो अख्खी गुहा घेऊनच! केवढं उंच छत, खांबांसारखे दगड, ठिबकणारा थेंब न् थेंब, आणि अगदी जवळ आत्याबाईंचा पंख.

"आत्याबाई, हे सगळं इथेच होतं?"

तिने पुन्हा हाक मारली. गुहेच्या तोंडाशी कुणीतरी होतं. सगळ्यांत मोठ्याने हसलेला भोरू बाहेरचं अफाट आभाळ बघून परत फिरला होता.

"मी दिसलो तुला?" त्याने दबकत विचारलं.

"दिसलास. थरथरतोयस," झिपरी म्हणाली. "चल, बरोबर जाऊ."