चिमाजीचा बाण

घाटमाथ्यावरच्या करंजपाड्यात चिमाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हे आपलं लोकांनी लाजेकाजेस्तव म्हणायचं. त्याचा काका सोनबा त्याला सरळ गाढव म्हणायचा, आणि गाढवं काही बोलत नव्हती एवढंच.

सोनबाला त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. शहरातल्या चार पाहुण्यांना नऊ दिवस डोंगरातून चालवत न्यायचं, या घाटापासून त्या घाटापर्यंत. काम नीट झालं तर दर हिवाळ्याला तेच मिळणार होतं. पण ऐन वेळी त्याचा दुसरा, शहाणा पुतण्या तापानं पडला. उरला चिमाजी. पाय बोकडाचे, अक्कलही त्याच बोकडाची.

सहावा दिवस सगळ्यात लांबचा. पाच डोंगर ओलांडून दिवस मावळायच्या आत भोरवाडी गाठायची होती. पाहुण्यांतले दोघे सारखे मागे पडत. म्हणून सोनबानं चिमाजीच्या हातात चुन्याचा डबा दिला.

"तू पुढं चल. वळण आलं की मोठं, काळं, ठळक काहीतरी बघ. त्यावर पांढरा बाण काढ."

"काढतो, काका."

पहिल्याच वळणावर एक म्हैस बसली होती. मोठी. काळी. ठळक. चिमाजीनं तिच्या कुशीवर झकास बाण काढला आणि पुढे गेला. म्हैस उठली आणि डबक्याकडे निघाली. मागचे दोघे बाणामागून निघाले. सोनबानं त्यांना शोधून काढलं तेव्हा ते गुडघाभर चिखलात उभे होते.

"गाढवा! हलणाऱ्या गोष्टीवर खूण करतात का? आधी हलतंय का बघावं!"

"बघतो, काका."

दुसऱ्या डोंगराच्या वळणावर एक धनगर डोक्यावरून काळं घोंगडं घेऊन आडवा झाला होता. चिमाजी समोर बसला. बराच वेळ बघत राहिला. हलत नाही म्हणजे नाही. त्यानं शेंडीपासून टाचेपर्यंत लांबलचक बाण ओढला. धनगर उठला तो काठी घेऊनच. त्याची समजूत काढता काढता सोनबाच्या पिशवीतली तंबाखू संपली.

"अरे, माणूस निजलाय हे कळत नाही? कोणी निजलेलं असलं की आधी तीनदा मोठ्यानं हाक मारावी!"

"मारतो, काका."

दुपारी कड्याखालची वाट लागली. वर कपारीत आग्यामोहोळाची पोळी लटकत होती, एकेक सुपाएवढं. सोनबानं ओठांवर बोट ठेवलं आणि पाहुण्यांच्या कानात कुजबुजला, "चुपचाप चला. माश्या निजल्यात."

चिमाजीनं ते ऐकलं. छातीत दम भरला.

"ओ माश्यांनो! ओ माश्यांनो!! ओ माश्यांनो!!!"

माश्या उठल्या.

पाहुणे असे पळाले की सहा दिवसांत तसे चालले नव्हते. सोनबाच्या मानेवर चार डंख बसले, वर गुडघा मुरगळला. पाहुण्यांतल्या निर्मलाबाई, निवृत्त शिक्षिका, नाक सुजलेलं असूनही म्हणाल्या, "सोनबा, जाऊ द्या हो. असे विद्यार्थी मी तीस वर्षं पाहिलेत."

सोनबाला मात्र रडू यायचं बाकी होतं. त्यानं चिमाजीचा कान पिरगाळला.

"नीट ऐक. गुणगुण कानावर आली की हातातलं टाकायचं. पालथं पडायचं. तोंड मिटायचं. आणि गुणगुण थांबेपर्यंत उठायचं नाही!"

"नाही उठत, काका."

ऊन कलताना शेवटचा टप्पा आला. दोन पुरुष उंचीचा उभा कातळ, खाली भोरवाडीची वाट. सोनबानं वरून दोर धरून चौघांना एकेक करून उतरवलं. खाली चुलींचा धूर दिसला तशी पाहुण्यांची तोंडं उजळली.

"पुढच्या हिवाळ्यालाही तुम्हीच न्यायचं आम्हाला!" निर्मलाबाई खालून म्हणाल्या.

सोनबाचा जीव भांड्यात पडला. गुडघा सुजला होता, बिनदोराचं उतरणं शक्य नव्हतं. वर दोर बांधायला झाड नव्हतं. होता तो चिमाजी.

"घट्ट धर. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

सोनबा लोंबकळत निम्म्यावर आला. खाली निर्मलाबाई दगडावर टेकल्या होत्या. वारा गार होता, दिवस सरला होता, मन भरून आलं होतं. त्या आपल्याच नादात एक भजन गुणगुणू लागल्या.

चिमाजीनं कान टवकारले. हातातलं टाकलं. पालथा पडला. तोंड मिटलं.

कातळाखाली करवंदीची जाळी होती. सोनबा तिच्यात सबंध गेला.

"चिमाजी!" जाळीतून आवाज आला. "मेल्या, दोर का सोडलास?"

वरून हूं नाही की चूं नाही.

निर्मलाबाईंचं गाणं केव्हाच थांबलं होतं. चिमाजीनं खात्री करून घेतली, मग उठला आणि बिनदोराचा टणाटण उड्या मारत खाली आला. पाहुणे सोनबाला ओढून काढत होते. अंगभर काटे, अंगभर लाल ठिपके.

चिमाजीनं ते निरखून पाहिलं. त्याला फार वाईट वाटलं.

"काका, किती चावल्या हो तुम्हाला! मला बघा, एकसुद्धा नाही." तो पाहुण्यांकडे वळला. "लोकांना शिकवतात, पण स्वतः ऐकतील तर शपथ!"